सिंक तुंबू नये म्हणून : तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातून

दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रविवारी रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या सिंकमधून पाणी वर आलं. नळ बंद होता, भांडी घासून पालथी घातली होती, ओटा पुसून झाला होता. आधी जाळीखालून गुडगुड ऐकू आली, मग तांबूस पाणी हळूहळू चढायला लागलं. त्यावर चरबीचे पांढरे थेंब, कोथिंबिरीची पानं, थोडा भात. आमच्याकडे त्या रात्री पिठलं-भाकरी होती.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमची इमारत आहे, तळमजला आणि वर तीन मजले. माझ्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर आणखी तीन स्वयंपाकघरं, आणि चौघांचं खरकटं पाणी एकाच उभ्या पाइपातून खाली येतं. त्या रात्री वर तिन्ही घरांत मटणाची भांडी घासली गेली, खाली पाइप चोंदलेला होता, आणि पाण्याला बाहेर पडायला सगळ्यांत खालचं तोंड माझ्या सिंकचं होतं. मी आणि मुलगा दीड वाजेपर्यंत मगाने बादल्या भरत होतो. वरच्यांना जाऊन सांगितलं, त्यांनी लगेच नळ बंद केले. कोणी वाईट वागलं नव्हतं. त्यांची सिंकं छान वाहत होती, त्यामुळे काही बिघडलंय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता.

म्हणून हे लिहिते आहे. तुमचं सिंक आज वाहतंय याचा अर्थ पाइप मोकळा आहे असा होत नाही.

सकाळी आमचे नेहमीचे प्लंबर मामा आले. उभा पाइप जिथे वळून चेंबरकडे जातो तिथला तुकडा त्यांनी कापून काढला आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवला. चार इंची पाइप; आत करंगळी जेमतेम जाईल एवढीच वाट उरलेली. बाकी सगळा भाग करड्या-पांढऱ्या गोळ्याने भरलेला. चिरोट्यासारखे पापुद्रे होते त्याला. एकेका थरात शेवयांचे तुकडे, चहाचा चोथा, तारेच्या घासणीचे कण. मी काडीने उकरून बघितलं तर ओल्या चरबीसारखं चिकट नव्हतं, धुण्याच्या साबणाच्या वडीसारखं भुगा होऊन पडत होतं.

मामा म्हणाले, "वहिनी, ही नुसती चरबी न्हवं. साबण झालाय त्याचा."

ते अगदी खरं होतं. तेला-तुपातली आम्लं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. बोअरच्या पाण्यात कपडे भिजवले की बादलीच्या कडेला जी पांढरी खरखरीत रेघ उमटते, तीच जात. पाइपाच्या आत ती महिनोन्‌महिने थरावर थर चढते आणि वरून येणारा भाताचा एकेक कण धरून ठेवते. आमच्या इमारतीत उन्हाळाभर बोअरचं पाणी वापरलं जातं, त्यामुळे आम्हाला हे लवकर भोगावं लागलं.

आता मूळ मुद्दा. तूप, तेल, चरबी ही गरम असताना पाण्यासारखी वाहते आणि थंड झाली की जिथे असेल तिथे बसते. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं हे थंडीत आपण बाटलीतच बघतो. तूप आणि वनस्पती तूप आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आतबाहेरच वितळतं. मटणाची चरबी तर चाळीस अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट पातळ होत नाही. भांडं घासताना आपण गरम पाणी घेतो, साबण लावतो, डोळ्यांसमोर सगळं वाहून जातं आणि समाधान वाटतं. पण तेच पाणी चार-पाच फूट पुढे गेलं की गार होतं आणि चरबी तिथे चिकटते. म्हणजे गरम पाणी चरबी घालवत नाही, आपल्या नजरेआड नेऊन ठेवते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्याच्या पाइपात.

म्हणून सगळ्यात मोठं काम नळ सोडायच्या आधीचं आहे. भांडं पुसायचं. एवढं एक केलंत आणि पुढचं काहीच वाचलं नाहीत तरी चालेल.

माझी पद्धत सांगते. ओट्यावर डाव्या हाताला वर्तमानपत्राचे तळहाताएवढे तुकडे एका डब्यात कापून ठेवलेत. जेवणं झाली की ताटातलं खरकटं आधी ओल्या कचऱ्याच्या डब्यात, मग वाटीतला उरलेला कट, कढईच्या कडा, फोडणीची पळी या कागदाने पुसून घ्यायची. कढई फारच तेलकट असेल तर ती कोमट असतानाच चमचाभर कोंडा भुरभुरवायचा. कणीक चाळून निघालेला कोंडा मी यासाठीच बरणीत साठवते. कोंडा तेल पिऊन घेतो, गोळा होतो, उलथण्याने काढून कचऱ्यात टाकता येतो. भजी तळून उरलेलं बेसनही तेच काम करतं. कोंडा मात्र सिंकमध्ये अजिबात जाता कामा नये, तो फुगतो. पोळी उरली असेल तर सासूबाई तिच्याच तुकड्याने पातेलं पुसून घेतात. त्यांच्या माहेरी भांडी परसात राखेने घासायचे आणि पाणी अळूच्या वाफ्यात जायचं, तिथे पाइपच नव्हता. पण तूप वाया घालवायचं नाही म्हणून पातेलं पुसायची त्यांची सवय आज माझ्या पाइपाच्या कामी येते.

पांढऱ्या रश्श्याचं पातेलं वेगळं बघावं लागतं. मटण शिजवलेलं पाणी म्हणजे अळणी, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, यातलं काही उरलं आणि टाकायचंच झालं तर गरम असताना सिंकमध्ये ओतू नका. झाकून रात्रभर ठेवा, हवा दमट-गरम असेल तर फ्रिजमध्ये. सकाळी वर चरबीची साय धरलेली असते, ती उलथण्याने एका तुकड्यात निघते. ती कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात. खालचं पातळ गाळून मग सोडा. हाडांचा चुरा गाळणीत राहतो, तो काढा. मी हे करायला लागल्यावर एका रविवारची साय वाटीत भरून बघितली. चार माणसांच्या मटणाची अर्धी वाटी भरली. तीन घरं, महिन्याचे चार रविवार, वर आषाढातल्या जत्रा... हिशेब तुम्हीच करा.

लोणी कढवल्यावर उरलेली बेरी आमच्याकडे साखर घालून संपते. तुमच्याकडे कोणी खात नसेल तर तीही कचऱ्यातच.

तळणीचं तेल. दिवाळीत हा प्रश्न मोठा होतो. चकल्या-शंकरपाळ्यांचं तेल गार झाल्यावर गाळून स्टीलच्या बरणीत ठेवा आणि फोडणीला लवकर संपवा. पुन्हा पुन्हा त्यातच तळू नका. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून खाद्यपदार्थ विकणाऱ्यांवर मर्यादा घातली आहे, की तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरायचं नाही. आपल्याकडे घरी मोजायला यंत्र नसतं, पण काळपट, घट्ट झालेलं, तापवल्यावर फेसाळणारं तेल बघून कळतं. असं तेल लाकडाच्या भुशात किंवा चुरगळलेल्या कागदात जिरवून टाका. आमच्या कोपऱ्यावरच्या सुताराकडून मी दिवाळीपूर्वी पिशवीभर भुसा आणून ठेवते. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी ते गोळा करणारेही आहेत. सोसायटीने मिळून कॅन भरला तर त्यांना देता येतं.

चरबी हे निम्मं दुखणं, उरलेलं निम्मं जाळीवर अवलंबून. सिंकच्या तोंडाशी जी स्टीलची भोकं असतात ती मोठी असतात, भाताचं शीत त्यातून सहज जातं. शीत, साबुदाणा, शेवया, कणीक पाण्यात फुगतात. चहाचा चोथा आणि वाटणातला बारीक चुरा तळाला बसतो. शेवग्याच्या शेंगांचे चोयटे, मक्याचे केस, कोथिंबिरीचे दोरे एकमेकांत गुंततात आणि बाकीच्यांना अडवतात. म्हणून वरून आणखी एक बारीक तारेची वाटीसारखी जाळी बसवा. भांड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळते. दोन घ्या, एक वापरात, एक वाळत. कणकेची परात मात्र जाळीवरही धुऊ नका. आधी चिकटलेलं पीठ सुकू द्या, मग खरवडून काढा. ओलं पीठ जाळीवर खळीसारखं बसतं आणि मग ती जाळी उचलायचा मोह होतो.

त्या मोहाबद्दल बोलायला हवं. आमच्याकडे भांड्यांना मावशी येतात. त्यांना पाच घरं करायची असतात, पाणी साठलं की वेळ जातो, त्या जाळी उचलायच्या आणि सगळं सर्रकन जायचं. मी त्यांना रागावले नाही. फोनमधला त्या कापलेल्या पाइपाचा फोटो दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "ताई, मग खरकटं तुम्ही आधी काढून ठेवा, मी जाळी उचलणार नाही." रास्त होतं. भांडी घासणाऱ्याच्या हातात खरकटं भांडं द्यायचं आणि जाळी उचलू नको म्हणायचं, हे चालत नाही. तेव्हापासून भांडी पुसून देणं हे आमचं काम, ज्याचं त्याने. मुलगाही करतो.

आता सिंकच्या खाली वाकून बघा. बऱ्याच घरांत तिथे पांढरा, घड्या-घड्यांचा लवचीक पाइप असतो. लावायला सोपा, पण त्याच्या प्रत्येक घडीत चरबी बसायला जागा असते, आणि मध्ये तो झोळीसारखा लोंबत असेल तर त्या झोळीत घाण साचणारच. शक्य असेल तर तो काढून आतून गुळगुळीत पीव्हीसीचा पाइप बसवून घ्या. आडव्या पाइपाला फुटाला साधारण पाव इंच ढाळ हवा. प्लंबरला हे सांगायला संकोचू नका, लेव्हल लावून दाखवा म्हणा.

त्याच्या वर डब्यासारखा जो भाग असतो तो बॉटल ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी उभं राहतं, आणि त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. जड घाणही आधी त्यातच बसते. म्हणजे घाण अडवण्याची आपल्या हातातली शेवटची जागा ती. मी महिन्याला एकदा तो उघडते, आणि हे काम कोणालाही जमतं. खाली पसरट बादली ठेवायची, नळ बंद. तळाची वाटी हातानेच डावीकडे फिरवायची. पाना लावू नका, प्लॅस्टिकची आटी सोलून निघते. बसलीच असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं तिच्याभोवती पाच मिनिटं गुंडाळा, मग फिरते. आतलं काळं पाणी बादलीत पडेल. वासाला तयार राहा. वाटीतला गाळ कागदावर काढून कचऱ्यात टाका. हे मी मुद्दाम सांगते, कारण पहिल्या वेळी मी तीच बादली उचलून परत सिंकमध्ये ओतायला निघाले होते. जुना टूथब्रश घेऊन वाटी, आटी आणि वरची नळी आतून घासा. रबरी वॉशर निघाला असेल तर तो चपटा, न मुडपता परत त्याच खाचेत बसवा. बहुतेक गळती वॉशर वाकडा बसल्याने होते. वाटी हाताने घट्ट करा, वरून तांब्याभर पाणी सोडा म्हणजे ट्रॅप भरेल. मग खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून अर्धा तास जाऊ द्या. कागदावर ओला ठिपका दिसला तर वाटी उघडून वॉशर पुन्हा नीट बसवा.

आठवड्याला एकदा मी सिंकच्या तोंडाला बूच लावून ते भरते, हाताला सोसवेल इतकं गरम पाणी आणि भांड्यांचा थोडा द्रव साबण. मग बूच एकदम ओढते. भरलेल्या सिंकचं पाणी जोराने जातं आणि पाइपाच्या भिंती धुऊन काढतं, नळाची बारीक धार ते करू शकत नाही. पण उकळतं पाणी नको. पीव्हीसीचे पाइप साधारण ६० अंशांपर्यंत सोसतात, त्यापुढे मऊ पडतात, सांधे सुटतात. कुकरमधलं, पास्त्याचं उकळतं पाणी निवल्यावरच ओता. भाताची पेज तर ओतूच नका, ती गार झाली की खळ होते. कुंडीतल्या झाडांना किंवा गाईच्या घमेल्यात द्या, नाहीतर मीठ-तूप घालून प्या.

खायचा सोडा आणि व्हिनेगर हा उपाय मला खूपजण सुचवतात. फसफसतं म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, उरतं जवळपास मिठाचं पाणी. वास थोडा कमी होतो. बसलेल्या चरबीला त्याने काही होत नाही.

एवढं सांभाळूनही पाणी सावकाश जायला लागलं, निचरा होताना गुडगुड वाजायला लागली किंवा वास आला, तर त्याच दिवशी हालचाल करा. या टप्प्यावर काम सोपं असतं. आधी ट्रॅप उघडा, निम्म्या वेळा तिथेच सापडतं. तिथे काही नसेल तर रबरी पंप घ्या. सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा, सिंकच्या वरच्या कडेला जादा पाणी जायचं भोक असेल तर त्यात ओलं फडकं घट्ट कोंबा, दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्याचं तोंड बंद करा. नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो आणि आपण उगाच घाम गाळतो. पंधरा-वीस दणके सरळ खाली-वर. तरीही हललं नाही तर प्लंबरकडून स्प्रिंग, म्हणजे पाइपात घालून फिरवायची लांब लवचीक तार, मारून घ्या. आणि तुम्ही एकही थेंब सोडला नसताना पाणी वर येत असेल, तर तुमच्या ट्रॅपला हात लावून उपयोग नाही. वरच्या घरांना नळ बंद करायला सांगा आणि चेंबर उघडून बघायला लावा.

ॲसिड ओतू नका. हे मी हात जोडून सांगते. बाथरूमचं ॲसिड चरबीवर चालत नाही, स्टीलचं सिंक मात्र काळं पडतं. कॉस्टिक सोड्याच्या पुड्यांनी चरबी सुटते हे खरं, पण पाण्यात पडताच तो उकळल्यासारखा तापतो, आणि पूर्ण बंद झालेल्या पाइपात तसाच साचून राहतो. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. आणि हे सगळं ओतून झाल्यावर आपण प्लंबरला बोलावतो. आमच्या मामांच्या उजव्या मनगटावर पांढरे डाग आहेत. एका घरात ट्रॅप उघडला तेव्हा आतलं पाणी हातावर आलं. घरच्यांनी पूड टाकल्याचं सांगितलंच नव्हतं. तुम्ही काहीही ओतलं असेल तर दार उघडल्या उघडल्या ते सांगा.

इमारतीत राहत असाल तर थोडं एकत्र करावं लागतं. आम्ही चेंबर वर्षातून दोनदा साफ करून घेतो, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या आधी. काम करणाऱ्याला लांब हातमोजे आणि बूट सोसायटीने आणून ठेवलेत. मोठ्या गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही, २०१३च्या कायद्याने ते धोक्याचं काम माणसाकडून करून घ्यायला बंदी आहे, तिथे मशीनच बोलवायचं. कोणी घरातून डबे किंवा फराळाच्या ऑर्डरी करत असेल तर त्या सिंकखाली चरबी अडवणारी पेटी बसवायला हवी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पंधरा डबे देतात. त्यांनी स्वतःहून बसवली आणि दर शनिवारी ती उपसतात.

आणि तळमजल्यावर राहत असाल, किंवा तिथे घर घ्यायचा विचार असेल, तर एक गोष्ट आधी विचारा : तळमजल्याच्या सिंकचा पाइप वरच्यांच्या उभ्या पाइपाला जोडलाय की थेट बाहेरच्या चेंबरला? मामांनी माझा पाइप त्या वेळी वेगळा केला. भिंतीला भोक पाडून सरळ बाहेर, दीड दिवसाचं काम. आता उभा पाइप खाली तुंबला तरी पाणी माझ्या सिंकमधून वर येत नाही. नव्या पाइपाला कोपऱ्यावर स्क्रूचं झाकण ठेवून घेतलं, म्हणजे पुढे कधी कापाकापी न करता स्प्रिंग घालता येईल. ते झाकण फरशीखाली किंवा कपाटामागे गाडू देऊ नका.

सुट्टीला गावी जाताना सिंक कोरडं पुसून, जाळी काढून वाळत घाला. महिनाभराने परत आलात आणि दार उघडताच स्वयंपाकघरात गटाराचा वास आला तर घाबरू नका, ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. तांब्याभर पाणी ओता, खिडकी उघडा, दहा मिनिटांत वास जातो.